मुदत संपलेला आवाज

आत्या खरी फक्त मालकाची. पण ऑफिसात रुजू झाले त्या दिवसापासून मीही तिला आत्याच म्हणत आले, आणि पुढे पुढे तर तिला कधीही न पाहिलेले, नुसते फोनवर बोलणारे लोकसुद्धा तेच म्हणायला लागले. 'मालक' ही आमची थट्टा. सायकलच्या दुकानावरची भाड्याची एक खोली, त्यात दोन टेबलं, तीन खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात मोडलेला, आणि एक टेलिफोन, एवढ्याचा तो मालक. खालून दिवसभर पंपाचे सुस्कारे ऐकू यायचे आणि जिन्यात रबराचा वास कोंडलेला असायचा. आजही पंक्चर काढायचं दुकान दिसलं की माझी पावलं आपोआप मंदावतात.

त्या खोलीत आम्ही दृष्टी नसलेल्यांसाठी एक प्रोग्राम तयार केला होता. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर जे काही असेल ते तो आपल्या भाषेत वाचून दाखवायचा. मालकाने तो लिहायला घेतला तो आईसाठी. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली आणि वाचनाचं वेड मात्र होतं तसंच राहिलं. घरातलं कुणी वाचून दाखवायला बसलं की दोन पानांत जांभया द्यायचं, आणि त्या जांभया तिला ऐकू यायच्या. "मला न जांभई देणारं कुणीतरी आणून दे," असं ती एकदा मुलाला म्हणाली. मुलाने चांगली नोकरी सोडली आणि कामाला लागला.

प्रोग्रामला आवाज हवा होता. आवाज आत्याकडे होता.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. तरुणपणी कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, दोन्ही हातांत दोऱ्या, आणि शेजारी ओळीने बसलेल्या तिच्यासारख्याच मुली. एकाचा आवाज दुसऱ्याला जोडून द्यायचा आणि मधून बाजूला व्हायचं. "आम्ही ऐकायचो नाही हं कुणाचं," असं ती शपथेवर सांगायची आणि लगेच कुणाचं लग्न कसं मोडलं, कुठले डॉक्टर कुणावर कसे ओरडायचे, याचे किस्से सुरू करायची. तिने स्वतः लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "लाइन एंगेज होती." पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. दोऱ्या गेल्या, बोर्ड भंगारात गेला आणि मुलींना तक्रार विभागात बसवलं. तिथे आत्याचा जीव रमेना. लोक चिडून बोलायचे आणि कुणाला कुणाशी जोडून द्यायची सोय नव्हती. तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि घरी बसली. तेवढ्यात भाचा दारात उभा राहिला. "आत्या, तुझा आवाज दे."

"घे की. मला काय लोणचं घालायचंय त्याचं?"

रेकॉर्डिंग सायकलच्या दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी करायचो. खिडकीला गादी लावायची, पंखा बंद. आत्या मानेवर ओला टॉवेल टाकून बसायची आणि अक्षरं, जोडाक्षरं, शब्द, आकडे म्हणत जायची. 'ळ' तिचा असा सुंदर, की मालक म्हणायचा, नुसता हा 'ळ' ऐकायला लोक प्रोग्राम घेतील. 'नाही' हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. पहिल्या 'नाही'त तक्रार विभाग डोकावत होता, दुसऱ्यात एवढी माया आली की तो 'हो' वाटायला लागला. घाम पुसत ती म्हणाली, "अरे, आयुष्यभर कुणाला नाही म्हटलं नाही रे मी. जमणार कसं?"

पहिल्यांदा प्रोग्राम घरी सुरू केला तेव्हा मीही गेले होते. मालकाच्या आईने कीबोर्डवर बोट ठेवलं. खोलीत आत्याचा आवाज घुमला, "नमस्कार. मी तयार आहे."

आई थबकली. मग म्हणाली, "म्हणजे आता नणंद दिवसभर माझ्या कानात बोलणार? लग्न झाल्यापासून ऐकतेय ते कमी पडलं का रे?"

स्वयंपाकघरातून खरी आत्या ओरडली, "वहिनी, निदान आता मला गप्प करायचं बटण तरी आहे तुमच्याकडे!"

ते बटण वहिनींनी फारसं वापरलं नाही. त्यांच्या खोलीतून दिवसभर आत्याचा आवाज यायचा. कादंबऱ्या, वर्तमानपत्र, औषधाच्या माहितीचे कागद, काहीही. आवाजाचा वेग त्यांनी अगदी कमी ठेवलेला असायचा. "मला कुठे गाडी पकडायचीये," म्हणायच्या.

हळूहळू प्रोग्राम बाहेर पसरला. एका अंध वकीलसाहेबांनी घेतला, त्यांनी दुसऱ्याला सांगितलं. भाषांतराची कामं करणारी एक बाई होती, तिने आपल्या जुन्या शाळेत नेला. बघता बघता शेकडो लोक आत्याच्या आवाजात जग वाचायला लागले. अडचण आली की ते ऑफिसच्या नंबरावर फोन करायचे, आणि फोन उचलायची आत्याच. पलीकडचा माणूस क्षणभर गोंधळायचा. मशीनमधला आवाज चक्क 'जेवलात का?' विचारतोय! आत्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखायची. कुणाला सर्दी झालीय, कुणाचं घरात वाजलंय, हे तिला पहिल्या वाक्यात कळायचं. आणि मग प्रोग्राम राहायचा बाजूला, तासभर गप्पा.

आता इथे एक कोरडी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. असा प्रोग्राम पडद्यावरचं सगळं वाचतो, पासवर्डच्या चौकटीपर्यंत कुठेही पोचतो. म्हणून कॉम्प्युटर त्याला सहजी थारा देत नाही. बनवणाऱ्याची डिजिटल सही प्रोग्रामवर असावी लागते. ती सही करायला एक प्रमाणपत्र लागतं, ते बाहेरची एक कंपनी आपली कागदपत्रं तपासून देते, आणि त्याला मुदत असते. सही करतानाच इंटरनेटवरून तारखेचा शिक्का घेतला असेल तर पुढे प्रमाणपत्राची मुदत संपली तरी बिघडत नाही. सही केली तेव्हा ते चालू होतं, याचा पुरावा शिल्लक राहतो. शिक्का घेतला नसेल तर प्रमाणपत्रासोबत सहीही मरते.

आमच्याकडे इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. नेट लावायचं तर फोन मोकळा हवा. आणि फोन कधीच मोकळा नसायचा.

पुढे वहिनी गेल्या. आजार लांबला नाही, एवढंच समाधान. त्यानंतर मालकाने जेमतेम एक आवृत्ती पूर्ण केली आणि एका सकाळी आम्हाला समोर बसवून सांगितलं की कंपनी बंद करतोय. दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत त्याला जागा मिळाली होती. मला वाईट वाटलं, पण कळतही होतं. पैसा कधी फार मिळाला नव्हता आणि त्याचे केस चाळिशीआधीच पांढरे झाले होते. आत्याला मात्र काही केल्या पटेना.

"वहिनींसाठी सुरू केलंस, कबूल. पण आता ते एवढ्या लोकांचं आहे. त्यांनी काय करायचं?"

"प्रोग्राम आहेच की त्यांच्याकडे. चालत राहील."

"आणि अडलं तर?"

जाताना त्याने ऑफिसचा टेलिफोन नंबर तेवढा आत्याच्या घरी बदलून दिला. आत्याने त्याचा शेवटचा नमस्कारसुद्धा पाठ फिरवूनच घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे त्यांचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं, तेही 'बरी आहेस ना?' 'बरी आहे' एवढंच.

मीही दुसरी नोकरी धरली. काचेची इमारत, दारात कार्ड दाखवायचं, खिडक्या न उघडणाऱ्या. महिन्यातून एखादी चक्कर आत्याकडे व्हायची. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत टेलिफोन जेवणाच्या टेबलावरच असायचा, मिठाच्या बरणीशेजारी. फोन अजून यायचे. ती जेवता जेवता उचलायची आणि उष्ट्या हाताने हवेत बटणं दाखवत समजावायची.

तीन वर्षं अशी गेली. आणि एका सकाळी वकीलसाहेबांचा तिला फोन आला.

"आत्या, तुम्ही बोलत नाही आहात."

"बोलतेय की. ऐकू येत नाही का?"

"फोनवर नाही हो. मशीनवर. चालू केलं, पण तुम्ही गप्प."

आत्याला आधी गंमत वाटली. मग लगेच भाषांतरवाल्या बाईचा फोन आला. मग शाळेतून. मग कुणाकुणाचा. फोन ठेवला की वाजत होता. दुपारपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि तिने मला ऑफिसात फोन लावला. "अगं, माझा आवाज गेला."

"सर्दी झालीय का?"

"माझा नाही गं! माझा!"

तिला काय म्हणायचंय ते कळायला मला जरा वेळ लागला. एरर काय येतेय, हे सांगणार कोण? ज्यांना येत होती त्यांना ती दिसत नव्हती, आणि वाचून दाखवणाराच मुका झाला होता. शेवटी वकीलसाहेबांनी शेजारच्या बाईंना बोलावून पडद्यावरचं वाचून घेतलं. तिथे लिहिलं होतं, सर्व्हरकडून रेफरल परत आला आहे.

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"म्हणजे काहीच नाही," मी म्हटलं. खरंच त्या वाक्याला काही अर्थ नव्हता. पण कुठे बघायचं ते मला त्यावरून कळलं. माझ्या कॉम्प्युटरवर शेवटची आवृत्ती होती, तिची सही उघडून पाहिली. प्रमाणपत्राची मुदत आदल्या दिवशी संपली होती, आणि तारखेच्या शिक्क्याची जागा रिकामी होती.

तातडीचा उपाय एकच सुचला, आणि तो सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे न्यायचं, चांगलं वर्षभर मागे. त्याला वाटेल, मुदत अजून शिल्लक आहे. घरातल्या, शेजारच्या, जो कोणी डोळस माणूस सापडेल त्याला पकडून आत्याने एकेकाला तारीख बदलायला लावली. आवाज परत आला. लोकांचा जीव भांड्यात पडला. आणि दोन दिवसांत नवीन तक्रारी सुरू झाल्या.

बँकेची साइट उघडेना. तिलाही तसलंच प्रमाणपत्र असतं, आणि आमच्या लोकांच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते अजून जन्माला यायचं होतं. भाषांतरवालीने पाठवलेलं काम मेलच्या ढिगात गेल्या वर्षात जाऊन पडलं, आणि ते पोचलंच नाही म्हणून तिला बोलणी बसली. वकीलसाहेबांनी अर्ज छापला तर वर तारीख मागच्या वर्षीची. कोर्टातल्या कारकुनाने तो परत केला.

"आत्या," ते फोनवर म्हणाले, "मी कायद्याचा माणूस. मला असं मागच्या वर्षात ठेवू नका."

"मला काय हौस आहे का? मागच्या वर्षी माझा गुडघा जास्त दुखत होता."

नवीन प्रमाणपत्र घेऊन त्याच प्रोग्रामवर पुन्हा सही करायची आणि या वेळी शिक्का घ्यायचा, हा खरा मार्ग. पण प्रमाणपत्र कंपनीच्या नावाने होतं आणि कंपनी कागदोपत्री उरली नव्हती. मी मालकाला फोन केला. सगळं सांगितलं.

"माझ्या नावाने घेता येणार नाही," तो म्हणाला. "इथल्या करारात आहे, स्वतःच्या नावाने काही बाहेर काढायचं नाही."

"मग माझ्या नावाने घेऊ?"

"तुझ्या करारातही असेल, बघ."

होतंच. मग त्याने विचारलं, "आत्या काय म्हणते?"

"ती काही म्हणत नाही. ती फोनवर आहे. सकाळपासून."

"तिच्या नावाने घे," तो म्हणाला. "एकट्या माणसालाही मिळतं. हक्क मी तिला लिहून देतो."

हे आत्याला सांगितलं तर ती खुर्चीतच सरसावून बसली. "माझ्या नावाने? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. उद्या कुणी विचारलं, तर काय सांगू?"

"खरं ते सांग."

कागद गेले. ओळखपत्र, पत्ता, वकीलसाहेबांनी स्वतः तयार करून दिलेलं प्रतिज्ञापत्र. उरला तो शेवटचा सोपस्कार. प्रमाणपत्र देणारी कंपनी डिरेक्टरीत छापलेल्या नंबरावर फोन करून माणूस खरा आहे ना, हे पडताळून बघते. आत्याचा नंबर डिरेक्टरीत होता, त्याची चिंता नव्हती. चिंता ही, की तो सतत एंगेज. मला त्यांची मेल आली, आम्ही प्रयत्न केला, लागत नाही. परत आली, लागत नाही. आणखी एकदा लागला नाही तर अर्ज बाद.

मी आत्याला म्हटलं, "लोकांना सांग, एक दुपार कुणीही फोन करायचा नाही."

तिने सांगितलं. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे गेला, आणि त्या दुपारी फोन खरोखरच वाजला नाही. मी रजा काढून तिच्यासोबत बसले होते. आत्या टेबलाशी बसून होती. चहा केला, तो तसाच गार झाला. तिने फोन पुसला, वायरीचा गुंता सोडवला. मधेच उचलून कानाला लावला, चालू आहे ना म्हणून. खालच्या गल्लीत मुलं खेळत होती, कुणी गाडी पुसत होतं, आणि खोलीत नुसती शांतता.

"इतका वेळ हा कधी गप्प राहिला नाही," ती म्हणाली. "निवृत्त झाले तेव्हाही घरी असंच वाटलं होतं. कान बधिर झाल्यासारखं."

मग तो वाजला. आत्याने पदर सावरला, जणू पलीकडच्याला दिसणारच आहे. एक तरुण मुलगी होती. नाव, पत्ता, जन्मतारीख झाल्यावर तिने विचारलं, "हा प्रोग्राम नेमका काय करतो?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, बोल.

"वाचतो," आत्या म्हणाली. "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आवाज माझाच आहे."

"आणि त्यात आपली भूमिका काय?"

"सांगितलं ना, बाळ. आवाज माझाच आहे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "ठीक आहे, पडताळणी पूर्ण झाली," मुलगी म्हणाली. फोन ठेवल्यावर आत्याने गार चहा एका दमात संपवला.

सही करायला मालक स्वतः आला. फोनवरून मला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मी तसं म्हटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. रविवारची सकाळ होती. दारात तो बॅग धरून उभा, आत्या आत उभी. "आलास? चपला बाहेर काढ," एवढंच ती म्हणाली. तीन वर्षांचा ताण तिथे चपलांपाशी जरा सैल झाला.

जेवणाच्या टेबलावरची मिठाची बरणी हलवून आम्ही लॅपटॉप ठेवला. नेट आता वेगळ्या वायरीने येत होतं, फोनला हात लावायची गरज नव्हती. मालकाने आज्ञा टाइप केली. सही झाली, आणि खाली ओळ आली की तारखेचा शिक्का मिळाला.

"हे तेव्हाच का नाही केलं?" आत्याने विचारलं.

तो हसला. "करायला बसलो होतो. नेटला फोन हवा होता आणि फोनवर तू होतीस. शाळेतल्या कुठल्या मुलीला पहिल्यांदा शिकवत होतीस. म्हटलं, शिक्का राहू दे, पुढच्या आवृत्तीला घेऊ. पुढची आवृत्ती आलीच नाही."

"मग सांगायचंस की. दोन मिनिटं ठेवला असता."

"तू? दोन मिनिटं?"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण आत्याच आधी हसली.

मग सगळं नीट चालतंय का ते पाहायला त्याने प्रोग्राम सुरू केला. त्याच्या लॅपटॉपवर जुनं सेटिंग तसंच होतं, वहिनींचं, अगदी संथ. त्या लहानशा खोलीत आत्याचा तेव्हाचा आवाज उमटला. "नमस्कार. मी तयार आहे."

मालकाचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. मग तो उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत्या माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेली. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं.

"मला वाटलं होतं, तुला माझ्या आवाजाचा कंटाळा आला," आत्या म्हणाली.

"कंटाळा?" तो म्हणाला. "आई होती तोवर तिच्या खोलीतून दिवसभर तू बोलायचीस. तू बोलतेयस म्हणजे आई आत बसलीय, वाचतेय, असं ठरूनच गेलं होतं डोक्यात. ती गेल्यावर ऑफिसात हे सुरू केलं की मी दाराकडे बघायचो. रोज. काम करता येईना गं."

"अरे, मग बोलायचं नाही का?"

"कुणाशी? तुझाच तर आवाज होता."

मी उगाच, लोकांना पाठवायला आणलेल्या सीड्यांची पाकिटं मोजल्यासारखं केलं. आत आल्यावर आत्या त्याला म्हणाली, "आता जेवून जा," आणि भांडी काढायला गेली. ती नेहमीपेक्षा जास्त आवाज करत होती.

सीड्या टपालाने गेल्या, पण एक पेच उरला होता. नवी सही आजच्या तारखेची. मागे नेलेल्या घड्याळात ती चालणार नाही. म्हणजे आधी घड्याळ आजवर आणायचं. आणलं की जुना प्रोग्राम मुका. नवा बसेपर्यंत पुढचा माणूस पूर्ण शांततेत, समोर काय आलंय याचा पत्ता नाही. तेवढं अंतर आत्याने फोनवरून पार करून द्यायचं ठरवलं. स्वतःच्या पडद्यावर तीच पायरी उघडायची आणि त्यांना वाचून दाखवायची. प्रत्येकाला वेगळा फोन. मालकाने चार दिवस रजा वाढवली आणि चहा, जेवण, लॅपटॉप सगळं तोच बघत होता. आत्या नुसती बोलत होती.

वकीलसाहेबांचा नंबर पहिला. "आता टॅब दाबा. आणखी एकदा. आता खिडकी आली असेल. त्यात विचारलंय, या प्रकाशकावर तुमचा विश्वास आहे का."

"प्रकाशक कोण लिहिलाय?"

आत्या अडखळली. पडद्यावर तिचं स्वतःचं पूर्ण नाव होतं. ते तिने इतकं हळू वाचलं की वकीलसाहेब म्हणाले, "काय? पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं.

"हे कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

वकीलसाहेब म्हणाले, "एवढी वर्षं तुमच्या आवाजात निकाल वाचतोय, अर्ज वाचतोय, बायकोची पत्रंसुद्धा. आणि मला तुमचं नाव माहीत नव्हतं हो." मग त्यांनी ते नाव स्वतः एकदा उच्चारून पाहिलं, आणि हो म्हणून बटण दाबलं. क्षणभराने त्यांच्या बाजूने, फोनमधून, आत्याचाच आवाज आला. "नमस्कार. मी तयार आहे."

"आलात," वकीलसाहेब म्हणाले.

"आले," आत्या म्हणाली.

पुढे काही वर्षं प्रोग्राम चालला. मग मोबाइलच बोलायला लागले आणि तेही फुकट. लोक एकेक करून तिकडे वळले, आणि आत्याने कुणालाही अडवलं नाही. उलट नवीन फोन कसा वापरायचा ते आधी स्वतः शिकून त्यांना शिकवलं. फोन कमी झाले. भाषांतरवाली बाई मात्र दर आठवड्याला करायची, काही अडलेलं नसताना. मालक नोकरीच्या शहरातच राहिला, पण सुट्टीत आला की उतरायचा आत्याकडेच. एकदा दोघांनी मिळून वहिनींची पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला देऊन टाकली आणि त्यावरून पुन्हा भांडली, कुठलं ठेवायचं आणि कुठलं द्यायचं यावर.

आत्या आता तळमजल्यावर राहते, गुडघ्यांमुळे. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा ती बँकेला फोन लावून बसली होती. पलीकडे यंत्रातली बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, कृपया प्रतीक्षा करा, आपला कॉल महत्त्वाचा आहे. आत्याने स्पीकर सुरू केला, मला ऐकवायला.

"बघ कशी बोलतेय," ती कुरकुरली. "म्हणे महत्त्वाचा. पण त्या 'त्त्वा'चा गळा दाबतेय पोरगी. जेवली नसेल."

मी तिच्यासमोर बसले. यंत्रातल्या बाईने परत तेच वाक्य म्हटलं, आणि आत्या फोनकडे वाकून, अगदी मायेने, सावकाश म्हणाली, "महत्त्वाचा. असं म्हण. महत्त्वाचा."